कोकणी स्वयंपाकात सोया सॉस: बाटलीतलं मीठ कसं वापरायचं

आमच्याकडे सोया सॉसची बाटली आली ती मुलांच्या फ्राइड राइससाठी. एकदा भात झाला आणि बाटली फळीवर मागे गेली. मग एका पावसाळ्यात वांगं-बटाट्याचा रस्सा शिजत असताना लक्षात आलं की सोड्यांचा, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचा, डबा रिकामा आहे. काहीतरी हवंच म्हणून चमचाभर सोया सॉस घातला. सासूबाई जेवताना म्हणाल्या, "सोडे होते का गं अजून?" त्या दिवसापासून ही बाटली मी चायनीजची मानत नाही. सोडे, जवळा, खारवलेला बांगडा भाजीला जे देतात, त्याच जातीची ही चीज आहे, असं माझं ठाम मत आहे.

याला कारणही आहे. मासळी वाळते, मुरते, तेव्हा तिच्यातली प्रथिनं तुटतात आणि जिभेवर रेंगाळणारी एक भरीव चव तयार होते. सोयाबीन आंबवतानाही तेच होतं. या चवीमागे ग्लुटामेट आहे, हे १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या पाण्यावर काम करताना दाखवलं आणि चवीला उमामी हे नाव दिलं. मासळीत याच चवीचा दुसरा एक घटक असतो. दोन्ही एकत्र आले की चव नुसती बेरीज होऊन वाढत नाही, कितीतरी जास्त खुलते. म्हणून मासळीबरोबर सॉस अगदी थोडा पुरतो.

आधी बाटली निवडा

पारंपरिक सोया सॉसमध्ये शिजवलेलं सोयाबीन आणि भाजलेला गहू यांवर एक खास बुरशी वाढवतात. दोन-तीन दिवसांनी ते मिठाच्या पाण्यात घालून काही महिने मुरवतात. आपलं आंबोळीचं पीठ एका रात्रीत आंबतं, याला सहा महिने आणि कधी त्याहून जास्त लागतात. स्वस्त सॉस पुष्कळदा वेगळ्या वाटेने येतो: सोयाबीनची प्रथिनं आम्लाने झटपट तोडायची, मग मीठ, साखर आणि कॅरॅमलचा रंग घालायचा. तो खारट लागतो, काळा दिसतो, पण त्याला मुरलेपण नसतं.

म्हणून बाटली उलटी करून मागचं लेबल वाचा. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच किंवा याच्या आसपास लिहिलं असेल आणि 'नॅचरली ब्रूड' असं म्हटलं असेल तर घ्या. 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' दिसलं तर परत ठेवा. लहान गावच्या दुकानात एकच प्रकार मिळत असेल तर तोही चालतो, फक्त चमचा अर्धा करा. घरी आणल्यावर पांढऱ्या ताटलीत दोन थेंब टाकून ताटली तिरकी करा. मुरलेला साधा सॉस पातळ ओघळतो आणि कडेला लालसर तपकिरी दिसतो, आमसुलाच्या पाण्यासारखा. 'डार्क' सॉस मुद्दाम दाट, काळा आणि गोडसर केलेला असतो. आपल्या कामाला साधा, पातळ घ्या.

मग मिठाचा हिशेब

सगळ्यांत जास्त पदार्थ इथे बिघडतात. माझी पहिली कोळंबी अशीच गेली: नेहमीप्रमाणे मीठ लावून ठेवली, वर दोन चमचे सॉस घातला आणि शेवटी सगळी टाकावी लागली. ताजी कोळंबी टाकताना जीव किती तुटतो, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको.

साधारण हिशेब असा: चहाचे सहा चमचे सॉस म्हणजे एक चमचा मीठ. एका चमच्यात जवळपास एक ग्रॅम मीठ जातं. प्रत्येक बाटलीत थोडा फरक असतो, म्हणून लेबलवरचा सोडियमचा आकडा पाहा. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी हा हिशेब मनावर घ्यावा, कारण पापड, लोणचं आणि सुकी मासळी आपल्या ताटात आधीच असते. गव्हाची किंवा सोयाबीनची अॅलर्जी असेल, किंवा ग्लुटेन चालत नसेल, तर हा सॉस नकोच.

नियम एवढाच: सॉस घालणार असाल तेव्हा मीठ हातात घेऊ नका. पदार्थ उतरवायच्या आधी चाखा आणि मगच चिमूट टाका.

आता कोळंबी करू

चौघांना तोंडी लावायला पाव किलो सोललेली कोळंबी घ्या. पाठीचा काळा धागा काढा, धुऊन चाळणीत निथळत ठेवा आणि फडक्याने टिपून घ्या. हे टिपणं चुकवू नका. ओली कोळंबी कढईत परतली जात नाही, स्वतःच्या पाण्यात उकडते आणि रबरासारखी होते.

दोन आमसुलं दोन मोठे चमचे कोमट पाण्यात भिजवा. आठ-दहा लसणीच्या पाकळ्या आणि बोटभर आलं ठेचा, वाटू नका. दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरा, अर्धा चमचा मिरी भरड कुटा.

लोखंडी कढई चांगली तापवून दोन चमचे खोबरेल घाला. लसूण-आलं टाका. लसणीच्या कडा सोनेरी व्हायला लागल्या की मिरची आणि कोळंबी एकदम घाला, आच मोठीच ठेवा. मिनिटभर हलवू नका. कोळंबी खालून गुलाबी होऊन वाकायला लागली की उलटा. आता चहाचे दोन चमचे सॉस घ्या आणि कोळंबीवर न ओतता कढईच्या कडेने गोल सोडा. तापलेल्या लोखंडाला लागताच तो चरचरतो, फेस येतो आणि भाजल्यासारखा खमंग वास सुटतो. हा वास भांड्याच्या मध्यात ओतून कधीच येत नाही. लगेच हलवा, कारण सॉस कडेला राहिला तर करपून कडू होतो. लागलीच आमसुलाचं पाणी, सुपारीएवढा गूळ आणि मिरी घाला, अर्धा मिनिट परता आणि उतरवा. कोळंबी कढईत एकूण तीन मिनिटांच्या वर राहता कामा नये.

आमसूल इथे हवंच. सॉसचा खारटपणा आणि भरीवपणा जिभेवर जड होतो, आंबटपणा त्याला मोकळं करतो. लिंबूही चालतं, पण ते उतरवल्यावर पिळा.

बांगडा आणि सुरण

बांगड्याला तिरप्या चिरा द्या. दोन बांगड्यांना एक चमचा सॉस, लसूण, थोडी लाल मिरची पूड आणि आगळाचे, म्हणजे कोकमाच्या दाट रसाचे, काही थेंब लावून पंधरा मिनिटं ठेवा, जास्त नको. बिडाच्या तव्यावर मध्यम आचेवर भाजा. सॉसमुळे कातडी लवकर काळवंडते, म्हणून मोठ्या आचेवर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. सुरणाचे काप आधी आमसूल घालून उकडून घ्या, म्हणजे घसा खाजणार नाही, मग हेच सगळं लावून रवा न लावता भाजा. श्रावणात मासळी बंद असते तेव्हा मला हे काप बांगड्याइतकेच आवडतात, फक्त लसूण गाळते.

कुठे घालू नये

सोलकढीत नाही, नारळाच्या दुधाच्या कुठल्याच कालवणात नाही. रंग चिखलासारखा होतो आणि नारळाची गोडी मरते. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्यातही नको. तिरफळाचा वास एकट्यानेच यावा. मालवणी मसाल्याबरोबर घालायचा तर मसाला अर्धा करा.

बाटली कशी ठेवावी

उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवा. हवा आणि उजेड लागला की सॉस काळा पडतो आणि वास उतरतो. वापरून झाल्यावर तोंड कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर आपल्या दमट हवेत झाकणाखाली चिकट खार साठतो. लहान बाटलीच घ्या आणि दोन-तीन महिन्यांत संपवा.

संपवायला सोपी वाट म्हणजे सकाळची पेज. उकड्या तांदळाची पेज वाटीत घ्या, मीठ घालू नका. वर अर्धा चमचा सॉस, दोन थेंब कच्चं खोबरेल आणि भाजून चुरलेला जवळा घाला. ढवळू नका. पांढऱ्या पेजेत तपकिरी रेघ उतरत जाते, तशीच कडेकडेने खा.