रायफल बांधायची आहे? आधी कागद, मग रिसीव्हर

अमेरिकेत येऊन जरा स्थिरावलं की आपल्यातल्या काही जणांचे पाय शूटिंग रेंजकडे वळतात. कुणी एनसीसीत पॉइंट टू-टू चालवलेली असते, कुणाचे वडील किंवा काका फौजेत असतात, कुणाला यंत्राचीच ओढ असते. मग एम-१ गॅरंड, एम-१४ अशा लाकडी दस्त्याच्या लष्करी धाटणीच्या रायफली आवडू लागतात आणि सुटे भाग जमवून आपणच एक बांधावी असं वाटू लागतं. आमच्याकडे ओहायोत नवीन आलेली मुलं मला विचारतात, ‘काका, रिसीव्हर कुठला घेऊ?’ प्रश्न योग्यच आहे, पण त्याआधी मी त्यांना विचारतो, ‘तुझा व्हिसा कुठला?’

कारण सांगतो. रिसीव्हर म्हणजे रायफलचा मधला पोलादी सांगाडा. पुढून त्यात बॅरल आवळली जाते, आत बोल्ट (काडतूस पुढे ढकलून मागून बंद करणारा तुकडा) मागेपुढे सरकतो, खालून ट्रिगरचा जुडगा बसतो. एम-१४ सारख्या रायफलीच्या बाबतीत अमेरिकेचा केंद्रीय कायदा एवढ्या एका तुकड्यालाच ‘बंदूक’ मानतो. बॅरल, दस्ता, ट्रिगर बहुतेक राज्यांत टपालाने घरी येतात. रिसीव्हर मात्र लायसन्स असलेल्या दुकानदाराकडूनच घ्यायचा असतो, त्यावर नंबर कोरलेला असतो, आणि तो हातात घेण्याआधी ४४७३ नंबरचा फॉर्म भरून एफबीआयची तपासणी पार करावी लागते. नुसता लोखंडी तुकडा घेतोय, बंदूक थोडीच घेतोय, हा समज पहिल्या दिवसापासून डोक्यातून काढून टाका. उलट सुट्या रिसीव्हरला अट जास्त कडक आहे: पूर्ण रायफल दुकानदार १८ वर्षांच्या माणसाला विकू शकतो, सुटा रिसीव्हर विकायला ग्राहक २१ वर्षांचा लागतो.

आता व्हिसा. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा. या व्हिशांवर असलेल्या माणसाने बंदूकच काय, एक काडतूसही जवळ बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. कायद्यात थोड्या सवलती आहेत. त्यातली सामान्य माणसाला लागू होणारी म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू मुदतीचं हंटिंग लायसन्स. ते असलं तरी वकिलाशी बोलल्याशिवाय खरेदीच्या फंदात पडू नका. ग्रीन कार्ड हातात आलं की चित्र बदलतं आणि खरेदी कायदेशीर होते. फॉर्मवर तुमचा ए-नंबर (ग्रीन कार्डवरचा इमिग्रेशन नंबर) लिहावा लागतो आणि ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता सध्याचा असावा लागतो. आपली मुलं दर वर्षी अपार्टमेंट बदलतात आणि लायसन्सवर जुनाच पत्ता राहतो, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. तपासणीचं उत्तर कधी ‘डिलेड’, म्हणजे निर्णय लांबला, असं येतं, त्याने घाबरून जायचं कारण नाही.

रेंजवर जाऊन भाड्याच्या बंदुकीने दोन गोळ्या झाडल्या तर काय बिघडलं, असं पुष्कळांना वाटतं. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात निकाल लागलेला रेहाइफ खटला जरूर वाचा. विद्यार्थी व्हिशावर आलेल्या तरुणाला विद्यापीठाने काढून टाकलं, त्याचा दर्जा संपला, आणि नंतर फ्लोरिडात रेंजवर गोळ्या झाडल्या म्हणून त्याच्यावर खटला भरला गेला. आपला दर्जा संपल्याची त्याला कल्पना होती हे सरकारने सिद्ध करायला हवं, असं न्यायालयाने म्हटलं. पण बंदी तशीच राहिली. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना हौसेने रेंजवर नेऊन हातात रायफल देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तेही बी-२ व्हिशावरच असतात.

यावर एक ‘उपाय’ नेहमी सुचवला जातो: सिटिझन मित्राला घ्यायला सांगू, पैसे आपण देऊ. असं अजिबात करू नका. याला स्ट्रॉ परचेस म्हणतात. २०२२ च्या कायद्याने तो स्वतंत्र केंद्रीय गुन्हा ठरला आणि त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं. ज्या कागदासाठी दहा-बारा वर्षं रांगेत उभे राहिलात, तो कागद एका छंदापायी पणाला लावू नका. अर्धवट घडवलेले, नंबर नसलेले रिसीव्हर विकत घेऊन घरी पूर्ण करायचे प्रकारही असतात. आपल्यासारख्यांनी त्या वाटेला जाऊच नये. नंबर असलेला पूर्ण रिसीव्हर, दुकानातून, पावती घेऊन.

राज्याचा कायदा वेगळा, आणि तो आपल्या लोकांना फार नडतो, कारण आपली वस्ती नेमकी कडक कायद्यांच्या राज्यांत आहे. न्यू जर्सीत रायफल घ्यायला पोलिसांकडून ओळखपत्र काढावं लागतं, आणि तिथल्या बंदी यादीत एम-१ कार्बाइन आणि एम-१४एस या धाटणीच्या रायफली नावानिशी आहेत. गॅरंड त्यात नाही. म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्याने एम-१४ चा रिसीव्हर निवडत बसण्यात अर्थच नाही, त्याने गॅरंडकडे वळावं. इलिनॉयमध्ये आधी एफओआयडी कार्ड, म्हणजे राज्याचं बंदूक बाळगणाऱ्याचं ओळखपत्र. कॅलिफोर्नियात मॅगझिन दहा गोळ्यांचं आणि पुढच्या फ्लॅश सप्रेसरवर (बॅरलच्या तोंडाशी ज्वाळ झाकणारा भाग) बंदी, त्यामुळे तिथे मझल ब्रेक (धक्का कमी करणारा भाग) लावलेली आवृत्ती विकली जाते. घर बदलून दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथला कायदा आधी वाचा, ट्रक नंतर बोलवा.

इतकं पार पडलं की खरा आनंदाचा भाग सुरू होतो.

रायफलीत रिसीव्हर सोडून सगळं बदलता येतं. बॅरल झिजली तर नवी, दस्ता तडकला तर दुसरा. रिसीव्हर चुकला तर पूर्ण बांधणी चुकली. म्हणून पैसा वाचवायचा तर दस्त्यात वाचवा, इथे नको.

एम-१४ अमेरिकी लष्कराने १९५७ साली स्वीकारली. सरकारी स्प्रिंगफील्ड आर्मरी, विंचेस्टर, हॅरिंग्टन अँड रिचर्डसन आणि टीआरडब्ल्यू या चौघांनी मिळून सुमारे १३ लाख ८० हजार बनवल्या. पण त्या मूळ लष्करी रिसीव्हरना कायदा मशीनगन मानतो, त्यांच्या वाटेला जायचं नाही. आपल्याला मिळतात ते नागरी बाजारासाठी नव्याने बनवलेले, एका वेळी एकच गोळी सुटणारे रिसीव्हर. त्यात मुख्य फरक घडीव (तापवून ठोकून घडवलेला, फोर्जिंग) की ओतीव (साच्यात ओतलेला, कास्टिंग) हा. मूळ लष्करी रिसीव्हर ८६२० स्टीलचे घडीव होते. इलिनॉयमधल्या जेनेसिओच्या स्प्रिंगफील्ड आर्मरी या खाजगी कंपनीची एम-१ए, म्हणजे एम-१४ ची नागरी आवृत्ती, ओतीव रिसीव्हरवर असते, स्टील तेच. (मॅसॅच्युसेट्सचा सरकारी कारखाना १९६८ मध्येच बंद झाला. नाव सारखं असल्यामुळे नवीन माणसाची गल्लत होते.) एलआरबी आणि बुला यांचे रिसीव्हर घडीव, आणि अर्थातच महाग.

ज्यांनी मुंढवा-भोसरीकडे काम केलंय त्यांना फोर्जिंग आणि कास्टिंगमधला फरक मी सांगायला नको. ओतीव म्हणजे कच्चा, असं मात्र नाही. ओतीव एम-१ए वर लोक वर्षानुवर्षं स्पर्धा खेळत आले आहेत. माझं मत असं: पूर्ण रायफल घेऊन नेमबाजी करायची असेल तर ओतीव एम-१ए उत्तम. सुटा रिसीव्हर घेऊन जुने लष्करी भाग बसवायचे असतील तर घडीवच घ्या. त्याची मापं मूळ नकाशाच्या जवळ असतात, त्यामुळे ऑपरेटिंग रॉड (बोल्टला मागेपुढे ओढणारा दांडा) आपल्या खाचेत न अडखळता सरकतो, मागची साइट दोन कानांमध्ये घट्ट बसते, दुर्बिणीचा माउंट डाव्या अंगाच्या खाचेत हलत नाही. दुकानात रिसीव्हर हातात आला की नुसती पॉलिश पाहू नका. बोल्ट घेऊन जा, आत सरकवा, लग (बोल्टला कुलूप घालणारे कान) जागेवर बसताना सारखे टेकतात का ते बघा. गंभीरपणे स्पर्धा खेळायची असेल तर मागे दस्त्यात घट्ट बसवायचा जादा लग असलेला रिसीव्हर मागा, दस्त्यात तो जागचा हलत नाही. पॉलीटेक, नॉरिंको या चिनी कंपन्यांच्या एम-१४ च्या नकला जुन्या बाजारात दिसतील. १९९४ मध्ये त्यांची आयात थांबली. रिसीव्हर घडीव असतात, पण बोल्ट मऊ असल्याच्या तक्रारी जुन्या आहेत, तेव्हा जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय नको.

गॅरंडचं गणित निराळं. ५४ लाखांच्या आसपास बनल्या, त्यामुळे खऱ्या लष्करी गॅरंड अजून मिळतात. सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम म्हणजे सीएमपी त्या नागरिकांना विकतं. नागरिकांना, म्हणजे ग्रीन कार्डवर नाही. ग्रीन कार्डवाल्याने दुकानातून किंवा गन शोमधल्या लायसन्सवाल्या दुकानदाराकडून घ्यावी, आणि तिथे डोळे उघडे ठेवावेत. कारण युद्धानंतर लष्कराने मोडीत काढताना मधून कापलेले रिसीव्हर पुढे काही लोकांनी वेल्डिंग करून पुन्हा जोडले. पुढचा अर्धा एका रायफलचा, मागचा अर्धा दुसरीचा. रायफल दस्त्यातून बाहेर काढायला सांगा. विक्रेता नाही म्हणाला तर तिथून निघा. मागच्या टाचेवर कारखान्याचं नाव आणि सीरियल नंबर असतो. ऑपरेटिंग रॉड मागे ओढला की उजव्या अंगाला पुढच्या पायावर नकाशाचा (कारखान्याच्या ड्रॉइंगचा) नंबर दिसतो: स्प्रिंगफील्डच्या युद्धकाळातल्या रिसीव्हरवर सहसा डी-२८२९१, १९५० च्या दशकातल्यांवर ६५२८२९१. टाचेवरचा सीरियल १९४३ चा आणि पुढे ६५२८२९१ असेल तर हे दोन तुकडे आहेत. मग टॉर्च घेऊन मधल्या भागाची आतली बाजू बघा. ग्राइंडरच्या रेघा, रंगाचा पट्टा, बोटाला लागणारा उंचवटा, यातलं काहीही दिसलं तर रायफल खाली ठेवा, किंमत कितीही कमी असो.

पोलादाला उष्णता कशी दिली गेली, यावर किती अवलंबून असतं हे पाहायचं असेल तर १९०३ ची स्प्रिंगफील्ड ही गॅरंडच्या आधीची लष्करी रायफल बघा. तेव्हा भट्टीतल्या पोलादाचा रंग कारागीर नजरेने जोखत. लख्ख उन्हाच्या दिवशी तेच पोलाद कमी तापलेलं भासे, आणि मग ते जास्त तापवलं जाऊन जळे. असे काही रिसीव्हर पुढे फुटले. १९१८ मध्ये पद्धत बदलली. म्हणून स्प्रिंगफील्डच्या ८,००,००० च्या खालच्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या खालच्या नंबरांची रायफल भिंतीवर शोभते, तिच्यातून गोळी झाडायची नसते. नवख्याला ती स्वस्तात मिळते ती यामुळेच.

बॅरल बसवणं आणि हेडस्पेस (बंद बोल्टसमोर काडतुसाला मिळणारी जागा) मोजणं हे गनस्मिथचं काम, त्याला करू द्या. आणि गॅरंडमध्ये आजची जड शिकारी काडतुसं घालू नका, ऑपरेटिंग रॉड वाकतो.

घेण्याआधी एकदा उन्हाळ्यात ईरी सरोवराकाठी कॅम्प पेरी या नेमबाजीच्या मैदानावर या. १९०७ पासून नॅशनल मॅचेस तिथे भरतात. ओळीने मांडलेल्या गॅरंड आणि एम-१ए शेजारी-शेजारी बघता येतात आणि त्यांचे मालक तासन्‌तास मनापासून बोलतात. स्वप्निल कुसाळेसारखी ऑलिंपिकची नेमबाजी मुलांना शिकवायची असेल तर मात्र ही वाट नव्हे, त्यासाठी एअर रायफल आणि ज्युनियर क्लब शोधा.

घरी आणल्यावर कुलपाची तिजोरी हवीच. आपल्याकडे गणपतीला, पॉटलकला घरभर मुलं असतात. आणि एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: नवऱ्याकडे ग्रीन कार्ड आणि बायको अजून एच-४ वर, किंवा उलट, अशी जोडपी असतात. तिजोरीची किल्ली किंवा नंबर दोघांत असला तर कायदा तिच्याकडेही ताबा आहे असं म्हणू शकतो. दुसऱ्यालाही ग्रीन कार्ड मिळेपर्यंत किल्ली ग्रीन कार्डवाल्याकडेच असू द्या.

रेंजला नेण्याची बॅग वेगळी ठेवा आणि तीच बॅग भारतात जाताना कधीही वापरू नका. अस्तरात अडकलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली अटक होऊ शकते, चुकून राहिलं म्हणून सांगितलं तरी. भावासाठी म्हणून बॅरल किंवा ट्रिगरचा जुडगाही सामानात टाकायचा नाही, निर्यातीचा परवाना लागतो. निघायच्या आदल्या रात्री सगळ्या बॅगांचे कप्पे उलटे करून झटका, जॅकेटचे खिसेही.