गिअरबॉक्स खोलताय? छर्रे, चाव्या आणि सुयांच्या या चुका टाळा

नवी बेअरिंगं, नव्या पितळी रिंगा घालून गिअरबॉक्स बांधला आणि तरीही गाडी आठवड्याभरात परत आली, तर खोट बहुतेक वेळा एखाद्या बारक्या वस्तूत असते. एक तर ती बसवायची राहिली, नाहीतर उलटी बसली.

सुरुवात बिघडते ती धुताना. सगळं एकाच घमेल्यात टाकून वर रॉकेल ओतलं की पार्ट लख्ख होतात, पण कुठला कुठे आणि कुठल्या तोंडाने होता हे कळायची सोय राहत नाही. शाफ्टवरचं सामान निघेल त्याच क्रमाने, त्याच तोंडाने जाड तारेत ओवून ठेवा. छर्रे-स्प्रिंगांना अंड्यांचा प्लास्टिकचा ट्रे उत्तम. पुठ्ठ्याचा नको, तेल पिऊन त्याचं बूड सुटतं. सर्कलिपही (खाचेत बसणाऱ्या लॉकच्या रिंगा) आपापल्या जागेनुसार वेगळ्या ठेवा. दिसायला सारख्या असल्या तरी जाडीत फरक असू शकतो.

सिलेक्टरचा, म्हणजे गिअर बदलणारा रॉड कधीही झटक्यात ओढू नका. खाली स्प्रिंगने दाबलेला छर्रा असतो, तो थेट गॅरेजच्या दुसऱ्या कोपऱ्यात जातो. भोकावर फडकं धरून रॉड सावकाश काढा. दोन रॉडांच्या मधली इंटरलॉक पिन त्याहून फसवी. केसिंग उलटं केलं की गुपचूप पडते. ती राहिली तर एका वेळी दोन गिअर पडू शकतात, मग बॉक्स जाम. पडलेला गिअर आपोआप निसटत असेल तर आधी छर्रा आणि स्प्रिंग तपासा, मग दातांकडे वळा.

सिंक्रो हबवरची (गिअर टाकताना वेग जुळवून घेणाऱ्या भागावरची) सरकती स्लीव्ह काढण्याआधी दोन्हींवर खूण करा. आत बहुधा तीन चाव्या (धातूचे छोटे तुकडे) असतात आणि दोन्ही बाजूंना एकेक गोल स्प्रिंग. दोन्ही स्प्रिंगांची टोकं एकाच चावीत अडकवू नका. जुन्याच पितळी रिंगा वापरायच्या असतील तर दुसऱ्या गिअरची दुसऱ्यालाच, तिसऱ्याची तिसऱ्यालाच. रिंग गिअरच्या कोनवर (निमुळत्या भागावर) दाबून फिलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) दोन्हींमधली फट मोजा. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा कमी आली तर ती बाद. एवढं करून जीएल-४ दर्जाच्या गिअर तेलाच्या जागी जीएल-५ भरलं, तर काही बॉक्समध्ये गिअर टाकताना पुन्हा खरखर सुरू होते.

जुन्या बॉक्सच्या लेशाफ्टमध्ये (गिअरांचा जुडगा, म्हणजे क्लस्टर, ज्यावर फिरतो तो शाफ्ट) सुट्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) असतील तर काढतानाच मोजून कागदावर लिहा. एक जरी कमी पडली तरी बाकीच्या तिरक्या होतात. बसवताना ग्रीसने चिकटवा आणि लेथवाल्याकडून क्लस्टरच्या लांबीचा डमी शाफ्ट करून घ्या, म्हणजे खरा शाफ्ट सारताना सुया गळत नाहीत. जुन्या-नव्या सुया मिसळू नका, पूर्ण सेट घ्या.

कागदी पॅकिंगच्या जागी नुसतं सिलिकॉन फासायचा मोह आवरा. काही बॉक्समध्ये बेअरिंगचा खेळ पॅकिंगची जाडी धरूनच ठरवलेला असतो.

बॉक्स गाडीत चढवण्याआधी टेबलावरच रिव्हर्ससकट प्रत्येक गिअर टाकून शाफ्ट हाताने फिरवा. कुठे अडलं, किंवा ट्रेच्या खळग्यात काही उरलेलं दिसलं, तर तिथेच पुन्हा खोला.