अमेरिकेत इमिग्रेशन वकील निवडताना या चुका टाळा

इमिग्रेशन वकील शोधायची वेळ बहुतेकांवर घाईतच येते. कंपनीने नोकरीवरून काढलं, यूएससीआयएसने, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज तपासणाऱ्या सरकारी खात्याने, जादा पुरावे मागितले, ग्रीन कार्डाच्या मुलाखतीची तारीख लागली, किंवा इमिग्रेशन कोर्टाचं पत्र येऊन पडलं. मग 'माझ्या जवळचा इमिग्रेशन वकील' असं सर्च करून सगळ्यात वर दिसलेल्या नावाला फोन लावला जातो, नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्या तरी वकिलाचा नंबर मागितला जातो. पुढे वर्षानुवर्षं निस्तरत बसाव्या लागणाऱ्या कितीतरी अडचणींचं मूळ या पहिल्या दोन-चार दिवसांतल्या निवडीत असतं.

म्हणून सरकारी पत्राचं पाकीट उघडल्यावर सगळ्यात आधी मुदतीची तारीख शोधा. जादा पुराव्यांच्या नोटिशीला, म्हणजे आरएफईला, उत्तर द्यायला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात. नोटीस टपालाने आली असेल तर वर आणखी तीन दिवस. त्यापुढे मुदत वाढवून मिळत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर ६० दिवसांपर्यंत सवलत असते, पण आय-९४, म्हणजे अमेरिकेत राहायच्या मुदतीची नोंद, त्याआधी संपत असेल तर तीच तुमची शेवटची तारीख. इमिग्रेशन कोर्टातली तारीख चुकली तर न्यायाधीश तुमच्या गैरहजेरीत देश सोडण्याचा आदेश काढू शकतात. वकिलाच्या ऑफिसला फोन कराल तेव्हा पहिल्याच वाक्यात ही तारीख सांगा. ती ऐकून रिसेप्शनवरची व्यक्ती तुम्हाला पुढच्या महिन्यातली वेळ देत असेल, तर दुसरा वकील शोधा.

कंपनीचा वकील हा आपलाच वकील, असं धरून चालणं

नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आपल्या लोकांची सगळ्यात मोठी चूक मला हीच वाटते, आणि हिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. एच-१बीचा अर्ज कंपनीचा असतो. आय-१४०, म्हणजे कर्मचाऱ्याच्या ग्रीन कार्डासाठीचा अर्ज, हासुद्धा नोकरीवर आधारलेल्या बहुतेक प्रकारांत कंपनीच भरते. वकील नेमते कंपनी, पैसे देते कंपनी, सूचना एचआर देतं. काही लॉ फर्म कंपनी आणि कर्मचारी या दोघांचंही प्रतिनिधित्व करतात, काही फक्त कंपनीचं. तुमच्या बाबतीत नेमकं काय आहे हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही, कारण वकील ईमेलला छान उत्तरं देत असतो आणि सगळं सुरळीत चाललेलं असतं.

अडचण येते ती तुमचं आणि कंपनीचं हित वेगळं व्हायला लागतं तेव्हा. तुम्हाला नोकरी बदलायची आहे. कंपनी कपात करणार आहे. कंपनीला आय-१४० मागे घ्यायचा आहे. अशा वेळी तो वकील तुम्हाला मोकळेपणाने सल्ला देऊ शकत नाही. दोघांचंही प्रतिनिधित्व असेल तर तुम्ही विश्वासाने सांगितलेली गोष्ट कंपनीपासून लपवून ठेवायला तो बांधील असेलच असं नाही. 'मी नोकरी सोडायचा विचार करतोय' हे वाक्य त्याला लिहिण्यापूर्वी स्वतःचा वकील गाठा. एका तासाचा सल्ला पैसे देऊन घेता येतो, त्यासाठी सगळी केस त्याच्याकडे सोपवावी लागत नाही.

त्या तासात काय विचारायचं? नोकरी बदलली तर प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तुमची तारीख, टिकते का, हे आधी विचारा. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील तर त्यानंतर कंपनीने तो मागे घेतला तरी, फसवणुकीसारखं काही निघालं नाही तर, प्रायॉरिटी डेट तुमचीच राहते आणि एच-१बीच्या मुदतवाढीसाठीही तो सहसा कामी येतो. हे माहीत नसल्यामुळे किती जण नको असलेल्या नोकरीत अडकून राहतात! दुसरा प्रश्न मुलांचा. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की लहानपणी इथे आलेलं मूल रांगेतच २१ वर्षांचं होतं आणि आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. २००२ च्या चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्टप्रमाणे आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात, पण नंबर लागल्यावर एका वर्षाच्या आत मुलासाठी पाऊल उचलावं लागतं. कंपनीचा वकील हा हिशेब आपणहून मांडून देईल याची खात्री धरू नका. मूल पंधरा-सोळा वर्षांचं असतानाच तो करून घ्या.

कागदही आत्ताच गोळा करा, संबंध चांगले आहेत तोवर. आय-७९७ च्या (यूएससीआयएसकडून आलेल्या पोच-मंजुरीच्या) सगळ्या नोटिसा, आय-१४० चा रिसीट नंबर, लेबर सर्टिफिकेशनमधलं, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने कामगार खात्याकडून घेतलेल्या मंजुरीतलं, पदाचं वर्णन. कंपनी आय-१४० ची प्रत देत नसेल तर माहिती मागण्याच्या कायद्याखाली, म्हणजे फोइयाखाली, यूएससीआयएसकडे अर्ज करता येतो. आणि पैशांचं एक लक्षात ठेवा: लेबर सर्टिफिकेशनचा खर्च आणि त्यासाठीची कंपनीच्या वकिलाची फी कंपनीनेच भरायची, हा नियम २००७ पासून लागू आहे. ती तुमच्या पगारातून कापायची भाषा कुणी करत असेल तर ते नियमाविरुद्ध आहे.

जवळचा वकील म्हणजे योग्य वकील

इमिग्रेशनचा कायदा संपूर्ण देशाला एकच आहे. त्यामुळे कुठल्याही राज्याची वैध सनद असलेला वकील तुमची केस यूएससीआयएसपुढे आणि इमिग्रेशन कोर्टातही चालवू शकतो. तुम्ही न्यू जर्सीत असाल आणि तुमच्या विषयात मुरलेला वकील टेक्ससमध्ये असेल, तर एच-१बी, आय-१४० किंवा ग्रीन कार्डाच्या कागदोपत्री कामासाठी अंतराने काही बिघडत नाही. दहा मिनिटांवरचं ऑफिस निवडायचं म्हणून कधीतरीच इमिग्रेशनचं काम करणारा वकील घेणं, हे मात्र महागात पडतं.

तरीही काही ठिकाणी स्थानिक वकीलच हवा. देशातून काढण्याची कारवाई सुरू असेल तर तुमच्या शहरातल्या इमिग्रेशन कोर्टात नेहमी उभा राहणारा माणूस लागतो. इथले न्यायाधीश कागदपत्रं कशी मागतात, तारखा कशा देतात, हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं. लग्नावर आधारित ग्रीन कार्डाची मुलाखत असेल आणि केसमध्ये काही गुंता असेल, तर सोबत येणारा वकील जवळचा असलेला बरा.

आणि पोलीस केस झाली असेल तर स्थानिक वकील हवाच, पण एकटा फौजदारी वकील पुरत नाही. होजे पडिया यांचं प्रकरण यासाठी प्रत्येकाला माहीत असायला हवं. होंडुरासमध्ये जन्मलेले, चाळीसहून जास्त वर्षं अमेरिकेत कायदेशीर राहणारे, व्हिएतनाम युद्धात सेवा केलेले हे ट्रकचालक. केंटकीत गांजाच्या वाहतुकीचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा इतकी वर्षं इथे आहात, इमिग्रेशनची काळजी करू नका, असं वकिलाने सांगितल्याचं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी गुन्हा कबूल केला, आणि त्या कबुलीमुळेच देशाबाहेर काढले जायची वेळ आली. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या प्रकरणात निकाल दिला की गुन्हा कबूल केल्यास देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका आहे का, हे अशिलाला सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्यच आहे. तरी प्रत्यक्षात हे तुम्हीच विचारायचं. दुकानातली किरकोळ चोरी असो, दारू पिऊन गाडी चालवणं असो की घरातल्या भांडणात पोलीस आलेले असोत, कोर्टात काहीही कबूल करण्याआधी इमिग्रेशन वकिलाचं मत लेखी घ्या. राज्याच्या कोर्टात 'मिटलेलं' प्रकरण इमिग्रेशनच्या कायद्यात दोषसिद्धी धरलं जाऊ शकतं.

वकील नसलेल्या माणसाकडून सल्ला घेणं

अमेरिकेत इमिग्रेशनचा कायदेशीर सल्ला दोघांनाच देता येतो: सनद असलेल्या वकिलाला, आणि न्याय खात्याने मान्यता दिलेल्या संस्थेतल्या मान्यताप्राप्त प्रतिनिधीला. नोटरी पब्लिक इथे फक्त सहीची साक्ष देतो. टॅक्स भरून देणारे, ट्रॅव्हल एजंट, 'कन्सल्टंट' म्हणवणारे हे तुम्ही सांगाल ते फॉर्मवर लिहू शकतात किंवा भाषांतर करून देऊ शकतात, पण कुठला फॉर्म भरायचा आणि त्यात काय उत्तर द्यायचं हे त्यांनी सांगायचं नसतं. भारतातली सनद असलेला नातेवाईक कितीही हुशार असला तरी इथे तुमच्या वतीने उभा राहू शकत नाही.

तपासायला फार वेळ लागत नाही. वकिलाला विचारा, कुठल्या राज्याची सनद आहे आणि बार नंबर, म्हणजे त्या राज्याच्या वकील संघटनेतला (बारमधला) नोंदणी क्रमांक, काय. त्या राज्याच्या बारच्या किंवा कोर्टाच्या संकेतस्थळावर नाव टाका: सनद चालू आहे का, शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, ते दिसतं. इमिग्रेशन कोर्टांचा कारभार पाहणारी ईओआयआर ही यंत्रणा निलंबित केलेल्या वकिलांची यादी आणि मान्यताप्राप्त प्रतिनिधींची यादी स्वतः प्रसिद्ध करते. दोन्ही बघा.

खरा वकील केसमध्ये जी-२८ फॉर्म भरून स्वतःचं नाव लावतो, आणि अर्ज त्याने तयार केला असेल तर तयार करणारा म्हणून सहीही करतो. यापैकी काहीच करायला जो तयार नाही, त्याच्याकडे काम देऊ नका. कोऱ्या फॉर्मवर सही तर मुळीच नको. अर्जाखालची तुमची सही म्हणजे मजकूर खरा असल्याची शपथ असते. त्यात कुणी खोटं घातलं आणि ते पकडलं गेलं, तर पुढचे व्हिसा आणि ग्रीन कार्ड कायमचं हातचं जाऊ शकतं. 'वर्क परमिट मिळवून देतो' असं सांगून अशिलाला न कळवता आश्रयाचा अर्ज भरून टाकायची एक रीत आहे. वर्क परमिट मिळतंही. पुढे अर्ज फेटाळला जातो आणि माणूस थेट इमिग्रेशन कोर्टात उभा राहतो. सही करण्याआधी अर्जाचं पान न् पान वाचा, इंग्रजी अडत असेल तर विश्वासातल्या कुणाकडून वाचून घ्या.

पहिल्या भेटीत गप्प राहणं

लाजेपायी जुनी अटक, जुना नाकारलेला व्हिसा, आधीचं लग्न, मुदतीपेक्षा जास्त राहिलेले दिवस लपवले जातात. सरकारकडे तुमच्या बोटांचे ठसे आणि प्रवासाची नोंद आहे, त्यामुळे हे बाहेर येणारच. ते मुलाखतीच्या खोलीत बाहेर येण्यापेक्षा वकिलाच्या ऑफिसात आलेलं चांगलं. तुम्ही सल्ल्यासाठी सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवायला वकील बांधील असतो, कन्सल्टंटवर ते बंधन नसतं.

वकिलाला विचारायचे प्रश्न पुष्कळ सुचवता येतील, पण एकच विचारायचा असेल तर हा विचारा: माझ्या केसमधली सगळ्यात कच्ची बाजू कुठली? अभ्यास असलेला वकील कागद बघून एखादं तरी ठोस उत्तर देतो. 'काही काळजी करू नका, शंभर टक्के होणार' असं म्हणणाऱ्याकडे केस देऊ नका. निर्णय अधिकाऱ्याच्या हातात असतो, त्याची हमी कुणी प्रामाणिक वकील देत नाही. यूएससीआयएसमध्ये ओळख असल्याचं सांगणाऱ्याचं तर बोलायलाच नको. प्रत्यक्ष काम कोण करणार, वकील की पॅरालीगल (वकिलाचा सहायक), हेही स्पष्ट करून घ्या. पॅरालीगलने फॉर्म भरण्यात गैर काही नाही, पण पाठवण्याआधी वकिलाने फाइल वाचलेली हवी.

एआयएलए या इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेचं सदस्यत्व ही चांगली खूण आहे, पण तो सरकारी परवाना नव्हे. कॅलिफोर्निया, टेक्सस, फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत इमिग्रेशन कायद्यातल्या तज्ज्ञ वकिलांना अधिकृत प्रमाणपत्र मिळतं. गुंतागुंतीच्या केससाठी तिथून शोध सुरू करता येतो.

फीचा करार लेखी घ्या. ठरीव रकमेत आरएफईचं उत्तर धरलं आहे का, मुलाखतीला येणं धरलं आहे का, सरकारी फी वेगळी का, हे त्यात लिहिलेलं हवं. पैसे नसतील तरी वकिलाशिवाय कोर्टात जाऊ नका. इमिग्रेशन कोर्टात बहुतेकांना सरकार वकील देत नाही, पण विनामूल्य मदत करणाऱ्या संस्थांची यादी ईओआयआर प्रत्येक कोर्टासाठी प्रसिद्ध करतं.

वकील फोन उचलत नसेल तर

रिसीट नंबर तुमच्याकडे असायलाच हवा. तीन अक्षरं आणि दहा अंक. तो यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर टाकून केस कुठवर आली ते स्वतः बघा. कोर्टाची तारीख ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने तुम्हाला दिलेला नोंदणी क्रमांक, टाकून ईओआयआरच्या संकेतस्थळावर दिसते. मग वकिलाला ईमेल करा, फोन नको, आणि उत्तर कधीपर्यंत हवं ते लिहा. तरी शांतताच असेल तर फाइलची पूर्ण प्रत लेखी मागा. ती मागायचा तुम्हाला हक्क आहे.

वकील कधीही बदलता येतो. यूएससीआयएसकडे नव्या वकिलाने नवा जी-२८ दिला की काम होतं. कोर्टात मात्र जुन्या वकिलाला बाहेर पडायला न्यायाधीशांची परवानगी लागते, तोवर तारखा चालूच राहतात. वकिलाच्या हलगर्जीपणामुळे मुदत गेली असेल तर केस पुन्हा उघडायची मागणी करता येते. त्यासाठीची पद्धत १९८८ च्या लोझादा प्रकरणातून आलेली आहे: काय ठरलं होतं आणि काय झालं याचं प्रतिज्ञापत्र, जुन्या वकिलाला कळवून उत्तराची संधी, आणि बारकडे तक्रार किंवा ती का केली नाही याचं कारण. हे काम नव्या वकिलाकडूनच करून घ्या आणि एक आठवडाही वाया घालवू नका. वकिलाने पैसेच बुडवले असतील तर बहुतेक राज्यांत अशिलांसाठी भरपाई निधी असतो, त्याची चौकशी बारकडे करा.

घर बदललं की वकिलाला कळवून काम संपत नाही. यूएससीआयएसला दहा दिवसांत पत्ता कळवावा लागतो. कोर्टात केस असेल तर तिथे वेगळा फॉर्म, ईओआयआर-३३, पाच दिवसांत भरावा लागतो. एका ठिकाणी कळवलं म्हणजे दुसरीकडे आपोआप पोचत नाही, आणि जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस तुम्हाला मिळालीच, असं धरलं जाऊ शकतं.