गावातील जुने फोटो स्कॅन करायला निघण्यापूर्वी

स्कॅनर, लॅपटॉप, चार्जर हे वेगळे सांगायला नको. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र घ्यावाच, कारण जुन्या वाड्यात प्लग नेमका खाटेमागे असतो.

खरी तयारी फोटोच्या पाठीची आहे. समोरची बाजू झाली की फोटो बाजूला ठेवण्याआधी पाठही स्कॅन करावी. मागच्या खेपेस हेच राहून गेले आणि फोटो घरोघरी परत गेल्यावर कोण कोणाचे आजोबा, हे सांगणारे काहीच हाती उरले नाही. पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, निजामाच्या काळातील फोटोवर कधी उर्दूत किंवा मोडीत ओळी असतात, तर कधी नुसता फसली सन, म्हणजे निजामाच्या राज्यातील महसुली वर्ष, असतो. त्यात 590 मिळवले की इसवी सनाच्या जवळ पोचता येते. 1357 फसली म्हणजे 1947-48, हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस ॲक्शनचेच वर्ष. लिपी वाचता येत नसली तरी पाठ स्कॅन करावी, वाचणारा नंतर शोधता येतो. पाठ कोरी वाटली तरीही करावी, पुसट पेन्सिल कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर दिसू शकते.

पाठीवर बॉलपेनने काही लिहू नये, दाब समोर उमटतो. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, हे दहादा बजावूनही कोणीतरी ओढतेच. तो काचेसकट कॅमेऱ्याने टिपावा, कारण स्वस्त पातळ स्कॅनर स्वतःच्या काचेपासून जरा वर असलेली वस्तू धूसर टिपतात.

नावे डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार, घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहावीत. ठिकाण नेमके लिहावे. किल्लारी परिसरातील अनेक गावे 1993 च्या भूकंपानंतर नव्या जागी वसली आणि जायकवाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचेही तसेच झाले, त्यामुळे ‘वेशीजवळ’ एवढ्या नोंदीवरून जुने गाव की नवे, हे कळत नाही.

साधारण फोटोला 600 डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके) पुरे, पासपोर्ट आकाराला 1200. मूळ प्रत टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये, वाटण्यासाठी जेपेग. समोर आणि पाठ यांना एकच क्रमांक, पुढे अ आणि ब. प्रती तीन, त्यांपैकी एक दुसऱ्या घरी. मालकाची परवानगी लेखी घ्यावी. फोटो त्याच दिवशी परत करावेत, पण प्रत्येक ‘अ’ला त्याचा ‘ब’ आहे, हे पाहूनच.