‘नो रूम टू स्विंग अ कॅट’ : अर्थ आणि वापर

पणजीतील एखाद्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीत प्लायवूडचे पार्टिशन घालून एका बाजूला वकिलाचे ऑफिस आणि दुसऱ्या बाजूला झेरॉक्सचे दुकान थाटलेले असते. तेथे खुर्ची मागे सरकवली की ती कपाटाला लागते आणि कपाट उघडायचे झाल्यास अशिलाला उठून उभे राहावे लागते. अशा जागेविषयी बोलताना इंग्रजी भाषक सहज म्हणतो, “देअर इज नो रूम टू स्विंग अ कॅट इन हिअर.” शब्दशः पाहिले तर मांजर गरगर फिरवण्याइतकीही जागा येथे नाही, असा त्याचा अर्थ होतो. प्रत्यक्षात मांजराचा येथे काहीही संबंध नसतो. जागा फार अपुरी आहे, तेथे धड हातपाय हलवता येत नाहीत, एवढेच बोलणाऱ्याला सांगायचे असते.

मराठीत याला प्रतिशब्द शोधताना बहुतेकांचा हात प्रथम ‘तीळ ठेवायला जागा नाही’ किंवा ‘मुंगी शिरायला वाव नाही’ यांच्याकडे जातो, आणि नेमकी तेथेच चूक होते. हे दोन्ही वाक्प्रचार गर्दीचे आहेत. जागा मोठी असली तरी ती भरून गेली आहे, असे ते सांगतात. इंग्रजी वाक्प्रचार मात्र मुख्यतः जागेच्या आकाराविषयी तक्रार करतो. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात उसळणाऱ्या गर्दीला तीळ ठेवायला जागा नसते. पण त्याच बाजारातील शिंप्याचे चिंचोळे दुकान, त्यात एकही गिऱ्हाईक नसताना, ‘स्विंग अ कॅट’ म्हणण्याच्या लायकीचे असू शकते. म्हणून मराठीत सांगायचे झाल्यास ‘ऑफिस कसले, खुराडे आहे’ हे त्याला अधिक जवळचे वाटते, कारण खुराडे रिकामे असले तरी लहानच असते.

वाक्यरचनेत काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. हा वाक्प्रचार जवळजवळ नेहमी नकारार्थीच येतो: “देअर इजन्ट इनफ रूम टू स्विंग अ कॅट” किंवा “यू कुडन्ट स्विंग अ कॅट इन देअर.” ऐसपैस ऑफिसचे कौतुक करण्यासाठी ‘येथे मांजर फिरवता येते’ असे कोणी म्हटलेच तर ते विनोदाने. येथील ‘रूम’ म्हणजे खोली नव्हे, तर मोकळी जागा किंवा वाव. या अर्थाने तो शब्द मोजता येत नाही, त्यामुळे त्याच्याआधी ‘अ’ लावता येत नाही. उलट ‘कॅट’च्या आधीचा ‘अ’ मात्र सोडू नये, आणि त्याच्या जागी ‘द’ही घालू नये, कारण कोणत्याही विशिष्ट मांजराची येथे गोष्ट नाही.

हे ‘कॅट’ म्हणजे इंग्रज आरमारातील नऊ दोऱ्यांचा चाबूक असून जहाजाच्या ठेंगण्या खालच्या मजल्यावर तो फिरवता येत नसे, अशी व्युत्पत्ती पुष्कळदा सांगितली जाते. ती ऐकायला झकास आहे, पण मला ती पटत नाही. हा वाक्प्रचार १६६५ मध्ये छापलेला आढळतो आणि तेव्हाही तो लोकांच्या तोंडचा म्हणूनच दिलेला आहे, तर त्या चाबकाच्या ‘कॅट-ओ-नाइन-टेल्स’ या इंग्रजी नावाची जुनी छापील नोंद १६९५ ची आहे. खलाशांच्या बोलण्यात ते नाव त्याआधीपासून असूही शकेल; तरीही केवळ त्या तर्कावर ही व्युत्पत्ती खरी मानता येत नाही.

वाक्प्रचार बोलीतला आहे, हे विसरू नये. सहकाऱ्याशी बोलताना किंवा मित्राला संदेश पाठवताना तो शोभतो. घरमालकाला, पंचायतीला किंवा मुख्य कार्यालयाला मोठी जागा मागणाऱ्या अर्जात तो शोभत नाही. तेथे आकडाच बोलू द्यावा. गोव्यात जागा चौरस मीटरमध्ये मोजण्याची रीत आहे, तेव्हा “द ऑफिस मेझर्स ओन्ली ८ स्क्वेअर मीटर्स अँड इज इनॅडिक्वेट फॉर थ्री एम्प्लॉईज” असे लिहिल्यास काम लवकर होण्याचा संभव अधिक. थोडे कमी बोलीचे विशेषण हवे असेल तर ‘क्रॅम्प्ड’ चालते. जागा भाड्याने देणारे मात्र त्याच खोलीला ‘कॉम्पॅक्ट’ किंवा ‘कोझी’ म्हणतात, हे जाहिरात वाचताना ध्यानात ठेवलेले बरे.

अमेरिकन बोलण्यात याच्यासारखाच दिसणारा, पण वेगळ्या अर्थाचा एक प्रयोग आहे, त्याच्याशी गल्लत करू नये. “यू कान्ट स्विंग अ डेड कॅट इन कळंगूट विदाउट हिटिंग अ गेस्ट हाउस” असे कोणी म्हणाले तर कळंगूट लहान आहे, असे त्याला सुचवायचे नसते; तेथे पावलोपावली गेस्ट हाउस आहेत, असे तो सांगत असतो.