लग्नाचा व्हिडिओ जुन्या फोनवर अडखळतो, तेव्हा

निपाणी-चिकोडीकडच्या लग्नांचं शूटिंग हल्ली पेनड्राइव्हवर मिळतं. आजीच्या जुन्या फोनवर ते लावलं की सनई ऐकू येते आणि चित्र मात्र थिजतं. लगेच नवा फोन घ्यायची घाई करू नका. फोन बिघडलेला नसतो.

बऱ्याचदा कारण असतं एच.२६५. व्हिडिओ दाबून लहान करायची ही पद्धत २०१३ मध्ये ठरली. त्याआधीच्या फोनच्या चिपमध्ये ती उलगडायची सोयच नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो, फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते.

संगणकावर हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात ‘फास्ट ४८०पी३०’ हा तयार पर्याय निवडा, म्हणजे एच.२६४ या आधीच्या, हलक्या पद्धतीची एमपी४ फाइल मिळते. फोन फारच जुना असेल तर व्हिडिओच्या रकान्यात प्रोफाइल ‘बेसलाइन’ करा. ती उलगडायला सर्वांत हलकी. छोट्या पडद्यावर फरक जाणवतही नाही. मूळ फाइल मात्र पुसू नका, ती घरातली ठेव आहे.

फोनचं मेमरी कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घ्या. अशी कार्डं बहुधा एफएटी३२ या मांडणीची असतात आणि त्यांवर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, म्हणून हळद, अक्षता, वरात असे वेगळे भाग करा.

कीर्तनं, भजनं ऐकायची असतील तर ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, एमपी३ पुरे. तासाला साधारण २९ एमबी लागतात. खानापूरच्या रानातल्या वाड्यांवर रेंज नसली तरी अभंग चालू राहतात.