चौकट कुरतडणारी शेरी

शेरीचे मालक बाहेरगावी गेले की मी त्यांच्या घरी राहायला जाते. ही देशी कुत्री उशा-चपलांना तोंड लावत नाही, ओरबाडते ती फक्त मुख्य दाराची चौकट. कंटाळलेलं कुत्रं समोर येईल ते फाडतं, घाबरलेलं बहुतेकदा बाहेर पडायच्या वाटेवर तुटून पडतं. जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावला, तर सगळा गोंधळ मी गेल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातच! आवडतं चिकनही तसंच पडलेलं. म्हणजे हा कंटाळा नव्हता, एकटं राहायची भीती होती.

मग ती भीती मोडायला सराव सुरू केला: किल्ल्या उचलायच्या, चपला घालायच्या आणि परत सोफ्यावर बसायचं. त्याचं तिला काही वाटेनासं झाल्यावर दाराबाहेर काही सेकंद, नंतर मिनिटं. ती धापा टाकायच्या आत परतायचं, खरी मेख तीच. तोवर तिला एकटं ठेवलंच नाही. दूध आणायलाही शेजारच्या काकूंना बसवून जायचे. पिंजऱ्यात कोंडायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला (सल्ल्यांना काय तोटा!), पण अशी कुत्री गजांवर दात मोडून घेतात. पशुवैद्यांनी तपासून फ्लुओक्सेटिन हे भीती-चिंता कमी करणारं औषध सुरू केलं. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात.

आता भाजी आणून होते. सिनेमा अजून नाही.